दोन महायुद्धांमधलीं जर्मन द्विपंखी लढाऊ विमानें



१९१८ सालच्या नोव्हेंबरच्या ११ तारखेस पहांटे, फ्रान्समधील काँपिएन्यच्या अरण्यांत, रुळांवर उभ्या असलेल्या एका आगगाडीच्या डब्यांत जर्मनीच्या प्रतिनिधींनीं शस्त्रसंधीच्या करारावर सह्या केल्या. पांच हजार तोफा, पंचवीस हजार मशीनगनी, तीन हजार उखळी तोफा आणि १७०० विमानें जर्मनीनें जेत्यांच्या स्वाधीन करावीं, असें त्या करारांतील चौथें कलम सांगतें. तोफा कोणत्या जातीच्या, मशीनगनी कोणत्या बनावटीच्या, याची जेत्यांनीं फिकीर केली नाहीं. विमानांच्या बाबतींत मात्र 'डी ७ जातीचीं सर्व विमानें प्रथम' असें नांव घेऊन त्यांनीं मागणी केली. शत्रूच्या एका यंत्राचा एवढा मोठा सन्मान खुद्द शत्रूनेंच करावा, असें इतिहासांत क्वचितच घडलें असेल.

हें 'डी ७' म्हणजे फोकर कंपनीचें द्विपंखी लढाऊ विमान. द्विपंखी म्हणजे एकाच्या वर एक असे पंखांचे दोन थर असलेलें. आज आपल्या डोळ्यांना ही रचना जुनाट वाटते. परंतु तिच्या मागें पक्कें शास्त्र होतें. त्या काळचा पंख पातळ असे. तो एकटाच लांबवर पसरला तर वाऱ्याच्या जोरानें मोडून पडावयाचा. तेंच दोन पंख एकावर एक ठेवून मध्यें खांब उभे केले आणि तिरप्या तारा ताणल्या, म्हणजे लोखंडी पुलाच्या कैचीप्रमाणें हलका पण बळकट सांगाडा तयार होई. शिवाय पंखांचें क्षेत्र पुष्कळ आणि लांबी थोडी, म्हणून विमान चटकन् कलंडे व अगदीं थोड्या जागेंत वळे. ज्या काळीं एकमेकांच्या शेपटीमागें जाण्याच्या धडपडीवर वैमानिकाचें मरण-जगणें अवलंबून होतें, त्या काळीं हा गुण अमोल होता. दोष एकच. ते खांब आणि त्या तारा हवेला अडवीत, आणि वेग जसजसा वाढे तसतसा तो अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत जाई. पुढें वीस वर्षांनीं द्विपंखी विमान मेलें, तें या दोषानें.

राइनहोल्ड प्लात्स या फोकरच्या कारागिरानें 'डी ७' घडविलें. हा गृहस्थ मूळचा जोडकाम करणारा, पोलादी नळ्या वितळवून सांधणारा. त्यानें विमानाचा धड पोलादी नळ्यांचा केला आणि पंख लांकडी पण जाड केले. पंखाच्या आंतच भक्कम तुळया बसविल्यामुळें बाहेरच्या तारांची गरज उरली नाहीं. जाड पंखाचा आणखी एक फायदा असा कीं नाक वर करून चढत असतांना हें विमान हवेंतून निसटून खालीं कोसळत नसे. १९१८ च्या जानेवारींत बर्लिनजवळ आड्लर्सहोफ येथें नव्या विमानांची स्पर्धा झाली, तेव्हां खुद्द मान्फ्रेड फॉन रिख्तहोफेन यानें तें चालवून पाहिलें व त्याची शिफारस केली. दैवाची गोष्ट अशी कीं तें आघाडीवर पुरेसें पोंचण्यापूर्वींच, २१ एप्रिलला, तो आपल्या जुन्या तिपंखी विमानांत मारला गेला. त्याच्या पथकाचा अखेरचा सेनापति हेर्मान ग्योरिंग यानें मात्र 'डी ७' वर उड्डाणें केलीं. हें नांव आपल्याला पुढें पुन्हां भेटणार आहे.

१९१९ च्या जून महिन्यांत व्हर्सायचा तह झाला. त्याच्या १९८ व्या कलमानें जर्मनीस लष्करी वा आरमारी कसलेंही हवाई दल ठेवण्याची मनाई केली. पंधरा हजारांवर विमानें आणि सत्तावीस हजारांवर इंजिनें मोडून टाकण्यांत आलीं किंवा जेत्यांच्या हवालीं झालीं. कांहीं काळ तर विमान बांधण्यासच बंदी होती. १९२२ मध्यें ती उठली, पण तिच्या जागीं नऊ नियम आले. एका माणसाच्या विमानास साठ अश्वशक्तीहून मोठें इंजिन असलें, तर तें लढाऊ समजावें. कोणत्याही विमानानें ताशीं सुमारें १०५ मैलांपेक्षां वेगानें जाऊं नये. तेरा हजार फुटांहून वर चढूं नये. साठ अश्वशक्ति म्हणजे 'डी ७' च्या इंजिनाच्या निम्मीही नव्हे. पंखांची वाढ खुंटविण्यासाठीं कायद्यानें घातलेला हा मोजपट्टीचा पिंजरा होता, आणि तो १९२६ पर्यंत टिकला.

परंतु ज्याच्यासाठीं हा सारा बंदोबस्त, तो पक्षी आधींच निसटला होता. आन्तोनी फोकर हा मुळांत डच. जावा बेटांत जन्मलेला. त्याचा कारखाना जर्मनींत श्वेरीन येथें होता. शस्त्रसंधीनंतरच्या गोंधळांत त्यानें आगगाड्या भरभरून आपला माल हॉलंडच्या हद्दींत पोंचविला. त्याच्याच सांगण्याप्रमाणें दोनशेंहून अधिक विमानें आणि चारशेंच्या आसपास इंजिनें. आत्मचरित्रांतले आंकडे जरा सढळ असतात हें मान्य करूनही, पुढचा धंदा त्यानें या मालाच्या भांडवलावर उभारला, यांत शंका नाहीं.

१९२३ च्या जानेवारींत युद्धदंडाच्या थकबाकीसाठीं फ्रान्सनें रूरचा कोळशाचा मुलूख व्यापला. जर्मनीजवळ प्रतिकाराला एकही लढाऊ विमान नव्हतें. तेव्हां जर्मन लष्करानें गुप्तपणें फोकरकडेच धांव घेतली. प्लात्सनें नवें 'डी १३' तयार केलें होतें. खालचा पंख अगदीं लहान, वरचा मोठा, आणि नाकांत ४५० अश्वशक्तीचें इंग्रजी बनावटीचें 'नेपियर लायन' इंजिन. पहा, जर्मनीच्या गुप्त हवाई दलाचें हृदय इंग्लंडांत घडलेलें होतें! अशीं पन्नास विमानें खरेदी झालीं. पण तोंपर्यंत रूरचा पेच सुटत आला होता. विमानें तर हातीं आलीं. तीं उडवावयाचीं कोठें? जर्मनींत तीं दिसतीं तर तहाचा भंग उघड होता.

उत्तर मिळालें रशियांत. व्हर्सायच्या सभेस ज्याला बोलावलें नव्हतें असा बोल्शेव्हिक रशिया, आणि ज्याला केवळ सही करण्यास बोलावलें असा जर्मनी, या दोन बहिष्कृतांनीं १९२२ सालीं रापालो येथें मैत्रीचा करार केला होता. १९२५ च्या एप्रिलमध्यें मॉस्कोच्या आग्नेयेस असलेल्या लिपेत्स्क या गांवीं जर्मन वैमानिकांची गुप्त शाळा काढण्याचें ठरलें. लिपेत्स्क हें औषधी पाण्याच्या झऱ्यांबद्दल प्रसिद्ध असलेलें एक शांत गांव. त्याच वर्षीं 'डी १३' चीं खोकीं बाल्टिक समुद्रांतून लेनिनग्राडला आणि तेथून आगगाडीनें लिपेत्स्कला गेलीं.

या शाळेची हकीकत कादंबरींत शोभावी अशी आहे. फक्त तींतले मृत्यू खरे होते. निवडलेल्या तरुणांचीं नांवें प्रथम जर्मन सैन्याच्या पटावरून कमी केलीं जात. मग ते साध्या कपड्यांत, खासगी प्रवासी म्हणून रशियांत शिरत. तेथें उन्हाळाभर ते जोडीजोडीनें झुंजीचा सराव करीत, लक्ष्यांवर गोळ्या झाडीत, बाँब टाकीत. परत आल्यावर पुन्हां पटावर नांव चढे. असे सुमारें १२० लढाऊ वैमानिक तेथें तयार झाले. आणि सरावांत जो मेला, त्याचें शव 'यंत्राचे सुटे भाग' अशी चिठ्ठी लावलेल्या खोक्यांत घालून बोटीनें मायदेशीं धाडीत, असें नमूद आहे. ज्या राष्ट्राला हवाई दलच नाहीं, त्याचा वैमानिक विमान कोसळून मरूं तरी कसा शकेल? त्या आईबापांचा विचार मनांत आला म्हणजे तहाच्या कलमांची आणि तीं मोडणाऱ्यांच्या चातुर्याची सारी चर्चा क्षणभर फिकी वाटते.

पन्नास विमानें कायमचीं पुरणारीं नव्हतीं. त्यांची जागा घेण्यासाठीं बाल्टिकच्या किनाऱ्यावर वार्नेम्युंडे येथील दोन कारखाने कामाला लागले. एक आराडो, दुसरा एर्न्स्ट हाइन्केल यांचा. आराडोचा मुख्य रचनाकार वाल्टर रेटेल हा पूर्वीं फोकरकडे काम केलेला. यामुळें त्याच्या विमानांत फोकरचें घराणें सहज ओळखूं येतें. पोलादी नळ्यांचा धड, लांकडी पंख, वरून कापड. १९२७ पासून त्यानें एकामागून एक नमुने केले. त्यांतून 'आराडो ६४' निघालें आणि १९३१ मध्यें 'आराडो ६५'. या दुसऱ्यांत बी.एम.डब्ल्यू. कंपनीचें 'सहा' नांवाचें बारा नळकांड्यांचें, पाण्यानें थंड होणारें, ७५० अश्वशक्तीचें इंजिन होतें. वेग ताशीं १८६ मैल. हाइन्केलनें याच इंजिनावर १९२८ सालीं 'एच.डी. ३७' बांधलें होतें. तें लिपेत्स्कला पाहून रशियनांना एवढें आवडलें कीं त्यांनीं त्याचे हक्क विकत घेतले आणि आपल्या कारखान्यांत तसलीं १३१ विमानें तयार केलीं. गुप्त शाळेचें भाडें म्हणून यजमानाच्या पदरांत पडलेलें हें ज्ञान थोडेंथोडकें नव्हतें. त्याचा झटका जर्मनांना पुढें कोठें बसला, तें आपण पाहूंच.

१९३३ च्या जानेवारींत हिटलर सत्तेवर आला. लिपेत्स्कची शाळा त्याच वर्षीं बंद पडली. विमानखात्याची सूत्रें आतां ग्योरिंगच्या हातीं गेलीं. उघडपणें हवाई दल अजून नव्हतेंच. बर्लिनजवळ ड्योबेरिट्झ येथें जमविलेल्या पहिल्या लढाऊ तुकडीला 'जाहिरात पथक' असें नांव होतें. जणूं कांहीं आकाशांत धुरानें साबणाचीं नांवें लिहिणारी मंडळी! मे महिन्यांत हाइन्केलचें नवें विमान, 'हाइन्केल ५१', प्रथम उडालें. जुळे बंधु जीगफ्रीड आणि वाल्टर ग्युंटर हे हाइन्केलकडे आल्यापासून त्या कारखान्याच्या विमानांना एक निराळेंच सौष्ठव आलें होतें. 'हाइन्केल ५१' चें टोंकदार नाक, चाकांवरील मोजड्यांसारखीं आच्छादनें, रेखीव शेपूट हें सर्व पाहून कोणीही त्याला देखणें म्हणावें. वेग ताशीं सुमारें २०५ मैल. शस्त्रें म्हणाल तर नाकावर दोन मशीनगनी. म्हणजे शस्त्रांच्या बाबतींत तें १९१८ च्या 'डी ७' च्या पुढें एक पाऊलही गेलें नव्हतें.

येथें एक प्रश्न सहज उभा राहतो. १९१८ सालींच युंकर्सनें संपूर्ण धातूचें, एकपंखी, एकही बाहेरची तार नसलेलें लढाऊ विमान जर्मनीस बांधून दिलें होतें. मग पंधरा वर्षांनंतर तोच जर्मनी कापडाच्या द्विपंखी विमानाकडे कां वळला? कांहीं लेखक याचें खापर जुन्या वैमानिकांच्या हट्टावर फोडतात. गेल्या युद्धांत वळणावर वळणें घेऊन जिंकलेले हे वीर, त्यांना वळणारें विमानच हवें होतें, असें म्हणतात. त्यांत तथ्य आहे, पण मला तें पुरेसें वाटत नाहीं. खरें कारण घाईंत आहे. १९३४ च्या योजनेंत चार हजारांहून अधिक विमानें मागितलीं होतीं, आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा शिकाऊ विमानांचा होता. जेथें वैमानिकच घडवावयाचे आहेत, कारागीर अजून शिकत आहेत, आणि जोरदार असें इंजिन एकच हाताशीं आहे, तेथें ओळखीची, खात्रीची रचना घेणें हेंच शहाणपणाचें होतें. त्यांतून दुसऱ्यांकडेही निराळें कांहीं चाललें नव्हतें. इंग्लंडचें द्विपंखी 'ग्लॅडिएटर' १९३७ मध्यें सैन्यांत दाखल झालें, आणि इटलीनें तर 'फियाट ४२' हें द्विपंखी विमान १९३८ मध्यें प्रथम उडविलें.

१९३५ च्या मार्चमध्यें बुरखा टाकून जर्मनीनें आपल्या हवाई दलाची जाहीर घोषणा केली. ड्योबेरिट्झच्या पथकाला रिख्तहोफेनचें नांव मिळालें आणि 'हाइन्केल ५१' विमानें त्याच्या हवालीं झालीं. तिकडे आराडोनेंही 'आराडो ६८' तयार केलें होतें. एर्न्स्ट ऊडेट, म्हणजे पहिल्या युद्धांत ६२ विमानें पाडून रिख्तहोफेनच्या खालोखाल कीर्ति मिळविलेला वैमानिक, यानें स्वतः 'आराडो ६८' घेऊन 'हाइन्केल ५१' शीं लुटुपुटूची झुंज घेतली आणि आराडोच सरस असल्याचें दाखवून दिलें. तथापि मे महिन्याच्या अखेरीस मेसरश्मिटच्या एकपंखी '१०९' नें पहिलें उड्डाण केलें होतें. त्यांतही इंजिन होतें इंग्लंडच्या रोल्स-रॉइसचें, कारण जर्मन इंजिन वेळेवर तयार झालें नव्हतें! आणि तें रेखाटणाऱ्या मंडळींत आराडो सोडून आलेला रेटेलही होता. थोडक्यांत, उत्तम जर्मन द्विपंखी विमान जन्मलें तेंच मुळीं उशीरा.

१९३६ च्या जुलैंत स्पेनमध्यें यादवी पेटली. जुलैअखेर हांबुर्ग बंदरांतून 'उसारामो' नांवाची बोट निघाली. तिच्यावर ऐंशींहून अधिक जर्मन तरुण सहलीला जाणाऱ्या प्रवासी मंडळींच्या वेषांत होते, आणि तळघरांत खोक्यांतून सहा 'हाइन्केल ५१' विमानें. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत ती कादिझला लागली. आरंभीं सर्व कांहीं सोपें वाटलें. २५ ऑगस्टला क्राफ्ट एबरहार्ट आणि हान्नेस ट्राउटलोफ्ट यांनीं सरकारपक्षाचीं जुनीं ब्रेगे विमानें पाडलीं. पांचच दिवसांनीं ट्राउटलोफ्ट स्वतः पाडला गेला. तो छत्रीच्या साहाय्यानें वांचला. ज्या स्पॅनिश वैमानिकांना निवड करण्याची मुभा होती, ते इटलीच्या फियाटकडे वळले. गार्थिया मोराटो हा फ्रॅन्कोच्या बाजूचा सर्वांत नांवाजलेला वैमानिक त्यांपैकींच एक.

मग नोव्हेंबरच्या ४ तारखेस माद्रिदच्या आकाशांत रशियन विमानें दिसलीं. पोलिकार्पोवचें 'आय १५' हेंही द्विपंखीच. परंतु 'हाइन्केल ५१' पेक्षां सुमारें हजार पौंडांनीं हलकें, आणि मशीनगनी दोन नव्हे तर चार. जर्मन वैमानिक त्याच्याशीं वळणांत हरे, चढण्यांत हरे, आणि मारगिरींतही हरे. रशियन बाँबफेकी विमानांचा तर त्याला पाठलागच करतां येईना. तीं त्याच्याहून वेगानें निघून जात. १३ नोव्हेंबरच्या झुंजींत एबरहार्ट मारला गेला. दहा वर्षांपूर्वीं लिपेत्स्कला ज्यांनीं शेजारीं उभें राहून जर्मनांचें शिक्षण पाहिलें, त्यांनींच माद्रिदवर त्यांची परीक्षा घेतली, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. 'हाइन्केल ५१' प्रथम उडाल्याला तेव्हां साडेतीनच वर्षें झालीं होतीं.

डिसेंबरांत '१०९' चे पहिले नमुने घाईघाईनें स्पेनला आले, आणि पुढच्या वसंतांत तीं विमानें पथकांतून दिसूं लागलीं. आकाशांत निरुपयोगी ठरलेल्या 'हाइन्केल ५१' चें काय करावयाचें? त्याच्या पोटाखालीं लहान लहान बाँब अडकवून त्याला जमिनीवरील सैन्यावर सोडण्यांत आलें. १९३७ च्या उन्हाळ्यांत अशा एका पथकाचें नेतृत्व आडोल्फ गालांड याच्याकडे आलें. हा पुढें जर्मन लढाऊ दलाचा सेनापति झाला. अस्तुरियासच्या डोंगराळ मुलखांत तो दरींतून खालून येऊन खंदकांवर मागच्या बाजूनें हल्ले करी. त्याच्या माणसांनीं पेट्रोल व जळकें तेल भरलेले डबे टाकण्याचीही युक्ति काढली. या कलेचें कौतुक करणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. मला मात्र तीं वाचतांना १९३७ च्या २६ एप्रिलची आठवण होते. त्या सोमवारीं दुपारनंतर बास्क प्रांतांतील गेर्निका गांवावर जर्मन आणि इटालियन बाँबफेकी विमानें लोटलीं, आणि त्यांच्या जोडीला हींच देखणीं 'हाइन्केल ५१' खालून उडत, रस्त्यांनीं पळणाऱ्या माणसांवर मशीनगनी चालवीत गेलीं. तेथें किती माणसें मेलीं, याचे आंकडे आजही वादाचे आहेत. शेंकड्यांनीं मेलीं, एवढें खरें. शत्रूच्या विमानापुढें ज्याचा निभाव लागला नाहीं, त्याला नि:शस्त्र गांवकऱ्यांपुढें कोणतीच अडचण पडली नाहीं.

गालांडनें स्पेनमधील अनुभवाचे अहवाल लिहिले आणि जमिनीवरील सैन्याला मदत करणाऱ्या विमानांचें एक नवें शास्त्र त्यांतून उभें राहिलें. त्या कामासाठीं हेन्शेल कंपनीचें 'हेन्शेल १२३' हें आणखी एक द्विपंखी विमान सैन्यांत आलेंच होतें. १९३९ च्या सप्टेंबरांत पोलंडवर गालांडनें तेंच चालविलें, आणि पुढें रशियाच्या चिखलांत, जेथें अद्ययावत् विमानांचीं चाकें रुतून बसत, तेथें तें १९४४ पर्यंत काम देत राहिलें. पण तें लढाऊ विमान नव्हे, म्हणून त्याची कथा येथें वाढवीत नाहीं.

'आराडो ६८' ला मात्र आपला गुण दाखविण्याची संधि फारशी मिळालीच नाहीं. १९३८ मध्यें रात्रींच्या पहाऱ्यासाठीं तीन विमानें स्पेनला पाठविलीं गेलीं. दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हांही कांहीं पथकांत तीं होतीं. १९३९-४० च्या हिंवाळ्यांत तीं रात्रींच्या वेळीं शत्रूचीं विमानें शोधीत जर्मनीवर फेऱ्या घालीत असत. उघड्या बैठकींत बसलेला वैमानिक, दोन मशीनगनी, आणि अंधारांत पाहण्याचें साधन म्हणजे त्याचे दोन डोळे. त्यानंतर उरलेलीं विमानें वैमानिकांच्या शाळांत गेलीं. तेथें 'हाइन्केल ५१' विमानें आधींपासूनच होतीं.